नवतपातलं मीठ

सूर्य रोहिणीत शिरला की नागपुरात नवतपा लागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनचे ते नऊ दिवस आम्ही लहानपणापासून एकाच पद्धतीनं काढत आलो आहोत. कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या, खिडक्यांवर ओले पडदे सोडायचे, दुपारी बाहेर पडणं आलंच तर डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा आणि खिशात कांदा टाकायचा. ऊन किती चढतं, तर २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका नवतपात मामीचा फोन आला. "अगं, तुझ्या मामाला लू लागली वाटते. हात थरथरून राहिले, उलट्या थांबून नाही राहिल्या, बोलतात तर जीभ अडखळून राहिली." मी महाल भागातल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत कैरीचं पन्हं पाजून झालं होतं, तळपायांना कांद्याचा रस चोळून झाला होता. मामांनी मला ओळखलं, पण माझं नाव घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथेही लू म्हणूनच उपचार सुरू झाले. त्या आठवड्यात वॉर्ड तशाच पेशंटनी भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं मामीला विचारलं, "काकू, घरून गोळ्यांची पिशवी आणली का?" पिशवीतून तीन पट्ट्या निघाल्या. एक लिथियमची, जी मामा बायपोलर आजारासाठी कित्येक वर्षं घेत होते. दुसरी बीपीची. तिसरी गुडघेदुखीची, चार दिवसांपूर्वी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. तिनं लगेच रक्त पाठवलं. संध्याकाळी आकडा आला, २.१. "ही लू नाही काकू," ती म्हणाली, "लिथियमची लेव्हल चढली आहे."

मामा त्यातून निघाले. पण त्या तीन पट्ट्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. तिन्ही गोळ्या रोज विकल्या जाणाऱ्या, आणि उन्हाळा तर दरवर्षीचाच. या चारही गोष्टी एका माणसाच्या अंगात एकत्र आल्या, आणि त्यांचा हिशेब ठेवणारं कुणी नव्हतं.

लिथियम हे खरं तर मीठ आहे. लिथियम कार्बोनेट. मिठासारखंच ते शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करता येत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. रक्तातली पातळी चढते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी पडली की लिथियम बाहेर पडण्याचा वेग आणखी मंदावतो. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं त्या. उपयोगी पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर. तीव्र उन्मादात डॉक्टर ती थोडी वर ठेवतात. १.५ च्या पुढे विषबाधेची हद्द सुरू होते. औषध आणि विष यांच्यामधली एवढी अरुंद वाट फार थोड्या गोळ्यांना असते. म्हणून रक्त तपासायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. नागपूरच्या दवाखान्यांत याला सगळे नुसतं ‘लेव्हल’ म्हणतात. "लेव्हल करून आणा."

नैराश्य आणि बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, यांवरचे विशेष उपचार म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी यंत्रं, परदेशी औषधं, मुंबई-बंगळुरूची रुग्णालयं येतात. ती आहेत, आणि त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण गेली काही वर्षं या विषयाच्या मागे फिरताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हा उपचार डॉक्टरांच्या खोलीत ठरतो आणि दोन भेटींच्या मधल्या काळात घडतो किंवा बिघडतो. विदर्भात तो मधला काळ फार लांब असतो, आणि त्यात उन्हाळाही येतो.

मामांचा आजार ओळखायलाच नऊ वर्षं लागली. पंचविशीत पहिल्यांदा ते गप्प झाले. दुकानात जाणं थांबलं, जेवण सुटलं, पहाटे तीनला उठून अंगणात बसून राहायचे. आजी म्हणायची, "पोट्ट्याले टेन्शन आलं आहे." एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली. महिन्याभरात मामा उठले, आणि नुसते उठले नाहीत. दोन-दोन तास झोपून ताजेतवाने राहायचे, भराभर बोलायचे, इतवारीच्या बाजारात उधारीवर माल उचलायचे. एका रात्री तर त्यांनी सगळ्या वाड्याला संत्रा बर्फीचे डबे वाटले. घरात आनंद झाला होता. आजारी मुलगा बरा झाला असंच सगळ्यांना वाटलं. तीन महिन्यांनी देणेकरी दारात आले आणि मामा पुन्हा अंथरुणाला खिळले.

हे चक्र चार वेळा फिरलं. प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे ते उदास असतानाच गेले, कारण उत्साहात असलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही. प्रत्येक वेळी निदान एकच लिहिलं गेलं. अखेर एका मानसोपचारतज्ज्ञांनी मामांना बाहेर बसवून मामीला विचारलं, "याच्या उलट कधी झालं होतं का?" मामी सांगते, तो प्रश्न ऐकून तिला रडूच फुटलं. आजार काय हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

ही एका घराची कहाणी नाही. बायपोलर आजारात सुरुवात पुष्कळदा नैराश्यानं होते, आणि पुढेही आजारी काळातला मोठा हिस्सा उदासीचाच असतो. त्यामुळे नेमकं निदान व्हायला पाच-दहा वर्षं लागतात असं जगभरचे अभ्यास सांगतात. भारतातल्या काही अभ्यासांत आपल्याकडच्या रुग्णांना उन्मादाचे झटके तुलनेनं अधिक येतात असं दिसलं आहे. तरीही निदानाला उशीर होतोच, कारण सौम्य उन्मादाला आपण आजार म्हणतच नाही. धडाडी म्हणतो, नशीब उघडलं म्हणतो. आणि बायपोलर माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली, मूड स्थिर ठेवणारं औषध दिलं नाही, तर गाडी एका टोकावरून सुटून दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. सगळ्यांत विशेष तपासणी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी मामीला विचारलेल्या त्या प्रश्नाचं नाव घेईन. त्याला यंत्र लागत नाही, पण घरच्या माणसाला आत बोलवावं लागतं आणि पाच मिनिटं ऐकावं लागतं.

नागपुरात या उपचारांचा जुना पत्ता छिंदवाडा रोडवर आहे. तिथे ‘पागलखाना चौक’ नावाचा चौक आहे. ऑटोवाल्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. पागलखाना म्हटलं की मीटर पाडतो. १८६४ साली, म्हणजे मध्य प्रांताची स्थापना होऊन जेमतेम तीन वर्षं झाली असताना, हे रुग्णालय सुरू झालं. १८५८ च्या कायद्याच्या आधारे इंग्रज तेव्हा देशभर असे ‘असायलम’ बांधत होते. येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर ही राज्याची चार मनोरुग्णालयं. नागपूरची क्षमता ९४० खाटांची, आणि तिच्यावर सगळ्या विदर्भाचा भार.

याच आवारात एक खोली आहे, जिथे लोक रुग्ण म्हणून नाही, भाविक म्हणून येतात. १८९२ मध्ये कामठीच्या एका तरुण फकिराला वेडा ठरवून इथे आणलं गेलं. सोळा वर्षं तो या भिंतींच्या आत राहिला. लोक फाटकापाशी दर्शनाला येऊ लागले, वाढत गेले. १९०८ मध्ये रघुजीराव भोसल्यांनी पुढाकार घेऊन त्यांना सोडवलं आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेलं. तेच ताजुद्दीन बाबा. १९२५ मध्ये ते वारले. उमरेड रोडवरच्या ताजबागेत आज सगळ्या धर्मांचे लोक माथा टेकतात. मनोरुग्णालयातल्या त्यांच्या जागेला भाविक ‘पागलखाना शरीफ’ म्हणतात.

बाबांना काय झालं होतं किंवा नव्हतं यावर मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एकच शब्द एका फाटकाशी शिवी म्हणून वापरला जातो आणि त्याच फाटकाशी त्याला ‘शरीफ’ जोडलं जातं, हे मी या शहराबाहेर कुठे पाहिलं नाही. बाबांच्या खोलीशी हात जोडणारी आई तिथून शंभर पावलांवरच्या ओपीडीत मुलाचा केसपेपर काढताना पदर तोंडावर ओढते. मी ते पाहिलं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबांकडे आलो असं सांगता येते घरी."

रुग्णालय बदलतं आहे. २०१६ पासून टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी मिळून ‘उडान’ हा प्रकल्प इथे हाती घेतला. ओपीडीची घडी बसवणं, वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्यांचं पुनर्वसन, जिल्ह्यातल्या गावांपर्यंत सेवा नेणं अशी त्याची अंगं होती. शिवाय मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमधलं एम्स आहे, हिंगणा रोडवर, सावंगीत आणि सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत, धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखाने आहेत. नागपूरकराला मानसोपचारतज्ज्ञ सापडत नाही अशी परिस्थिती नाही. पण गडचिरोलीहून किंवा मेळघाटातून महिन्याला एकदा येणाऱ्या माणसासाठी तज्ज्ञ म्हणजे एका रात्रीचा प्रवास आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी.

लिथियम नावाच्या या मिठाची गोष्ट मुळापासून सांगायला हवी, कारण मामांच्या बाबतीत जे घडलं ते लिथियमच्या पहिल्या रुग्णाच्या बाबतीतही घडलं होतं.

जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ होता. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बुंदूरा इथल्या, माजी सैनिकांच्या लहानशा मनोरुग्णालयात तो काम करू लागला. उन्माद म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या एखाद्या द्रव्याचा अतिरेक असावा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रुग्णांच्या लघवीचे प्रयोग तो गिनिपिगांवर करत होता. त्या प्रयोगांत विरघळायला सोपं म्हणून त्यानं लिथियमचं संयुग वापरलं, आणि प्राणी शांत पडले. कल्पना चुकीची होती, आणि ते प्राणीसुद्धा बहुधा विषबाधेनंच सुस्तावले असावेत असं पुढे अनेकांनी म्हटलं. पण केडनं आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, मग १९४८ मध्ये एका रुग्णाला दिलं. पाच वर्षं सतत उन्मादात असलेला, पन्नाशीतला माणूस. काही आठवड्यांत तो शांत झाला, काही महिन्यांत घरी गेला, कामावर रुजू झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये केडनं दहा उन्मादी रुग्णांचा आपला अनुभव ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला.

तो पहिला रुग्ण घरी गेल्यावर गोळ्या सोडून बसला. आजार उलटला, पुन्हा लिथियम सुरू झालं, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तातली पातळी मोजून औषध देण्याची रीत तेव्हा नव्हती. केडच्या हाती औषध होतं, मोजपट्टी नव्हती. मोजपट्टी आली, आणि डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यानं १९५४ पासून काटेकोर चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठे लिथियमवर विश्वास बसू लागला. शौच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य यायचं आणि लिथियमनं तो सावरला. अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९७० मध्ये. आज पंचाहत्तर वर्षांनंतरही बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या औषधाकडे नाही. आणि ते स्वस्त आहे. त्याच्यावर कुणाचं पेटंट नाही, म्हणून त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

गावाकडे जायचं तर आधी एक अवघड वाद ओलांडावा लागतो. विदर्भात नैराश्य हा शब्द उच्चारला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या समोर येतात, आणि कार्यकर्त्यांपैकी अनेकजण संतापतात. शेतकऱ्याला भाव द्या, पाणी द्या, त्याला वेडा ठरवू नका. हा संताप मला समजतो. कापसाचा भाव पडला, बोंडअळीनं पीक खाल्लं, सावकार दारात आहे, आणि सरकार समुपदेशक पाठवतं, हे चित्र खरोखरच क्रूर आहे. पण त्याच कर्जाखाली दबलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकजण पहाटे बैल सोडायला उठतो आणि दुसऱ्याला खाटेवरून पाय खाली टाकवत नाही. कर्ज खरं आहे आणि आजारही खरा आहे. कर्जमाफीनं नैराश्य जात नाही, गोळीनं कर्ज फिटत नाही. जो फक्त एकाचं नाव घेतो तो दुसऱ्यावरचा इलाज अडवून धरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. त्याचं नाव ‘विश्राम’. गोव्याची ‘संगाथ’, नागपूरची ‘प्रकृती’ आणि जलसंधारणात मुरलेली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ यांनी मिळून ते उभं केलं; राहुल शिधये, प्रकृतीच्या सुवर्णा दामले, विक्रम पटेल हे त्यातले काही. गावातलीच माणसं निवडून त्यांना शिकवलं गेलं. ती छोट्या बैठका घेत, मन लागत नसलेल्या माणसाशी बोलत, गरज असेल त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवत, आणि त्याहून गंभीर असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे.

अठरा महिन्यांनी काय दिसलं? सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चारांनी, नेमकं म्हणजे ४.३ टक्क्यांनी, त्यासाठी कुणाची मदत घेतली होती. शेवटी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली वेगळी गावं त्यात नव्हती, म्हणून सगळं श्रेय विश्रामलाच द्यावं असं कुणी म्हणू नये. पण मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सहापट होणं हा योगायोग नसतो.

समुपदेशक करत काय होते, तर मुख्यतः एक साधी उलटापालट. खचलेला माणूस म्हणतो, मन लागलं की काम करीन. ही पद्धत सांगते, लहानसं काम आधी कर, मन मागून येईल. सकाळी विहिरीपर्यंत चालत जा. शेजाऱ्याच्या ओसरीवर दहा मिनिटं बस. नातवाला शाळेत सोड. केलं की वहीत खूण कर, पुढच्या भेटीत त्यावर बोलू. याच पद्धतीची काटेकोर चाचणी संगाथनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतली. तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण, सहा ते आठ भेटी, आणि बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

वऱ्हाडात ‘मी उदास आहे’ असं कुणी म्हणत नाही. "जीव लागून नाही राहिला." "डोकं जड जड वाटते." "रातभर विचारच विचार." "अंगातली ताकदच गेली बाप्पा." हे ऐकून डॉक्टर बी-१२ चं इंजेक्शन देतात, घरचे बाहेरचं काही आहे का ते पाहून येतात. गावातलीच बाई दारात बसून ऐकते तेव्हा तिला हे शब्द भाषांतर न करता कळतात. विश्रामचं बळ मला तिथे दिसतं. राज्य शासनानंही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि आशाताईंना या कामात ओढलं. पण आशाताईंच्या हाती आधीच किती वह्या असतात, हे त्यांच्याबरोबर एक दिवस फिरलं की कळतं. नवी वही देताना जुनी एक तरी काढून घ्यायला हवी.

नव्या उपचारांबद्दल थोडक्यात सांगते, कारण वाचक ते विचारतातच. विजेच्या उपचाराला, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात, सिनेमांनी बदनाम केलं. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल देऊन, स्नायू सैल करून होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भुलीशिवाय तो देण्यावर बंदी घातली आहे. खाणं-पिणं सुटलेल्या, जीव द्यायला निघालेल्या माणसासाठी त्याच्याइतकं जलद काही नाही, बाळंतपणानंतरच्या तीव्र आजारातसुद्धा. डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देणारं टीएमएस आणि केटामाइन ही औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीची पुढची पावलं. त्यांचा उपयोग होतो, पण खर्च मोठा आहे, आणि सगळी नेहमीची औषधं नीट मात्रेत, नीट काळ घेऊन झाली का, हे आधी तपासायला हवं. पुष्कळदा ती तशी घेतलेलीच नसतात.

संशोधनाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दीड लाखाहून अधिक बायपोलर रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. आजाराशी नातं असलेल्या २९८ जागा त्यात सापडल्या. त्याआधी, २०१५ मध्ये, रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी घडवल्या गेल्या. त्या गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होत्या, आणि ज्यांना लिथियम लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी लिथियमनं शांत झाल्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही एकाच कुटुंबात अनेकांना असा आजार असलेल्या घरांचा याच अंगानं दीर्घ अभ्यास चालू आहे. उद्या कदाचित रक्ताच्या एका थेंबावरून सांगता येईल की या माणसाला लिथियम द्यायचं की नाही. आज ते देऊनच पाहावं लागतं. साधारण एकतृतीयांश रुग्णांना ते उत्तम लागू पडतं, काहींना अर्धवट, काहींना नाही.

पण या मोठ्या अभ्यासांत आपल्या माणसांचं रक्त फार थोडं आहे. घरच्या मोजणीचीही तीच गत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून कळलं की नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना आणि बायपोलर असलेल्यांपैकी ७० टक्क्यांना उपचार मिळत नाहीत. हे आकडे प्रत्येक भाषणात येतात. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सर्वाधिक, त्या राज्याची मोजणी त्यात नाही. आणि मला आणखी एक आकडा हवा आहे. एप्रिल ते जून या काळात विदर्भातल्या किती लिथियम घेणाऱ्यांची लेव्हल चढते? नागपुरासारख्या शहरात बसून हा अभ्यास करायला जनुकांची प्रयोगशाळा लागत नाही. एक रजिस्टर लागतं, आणि तीन उन्हाळ्यांचा धीर.

तोवर जे माहीत आहे ते तरी घरोघरी पोचावं. लिथियम चालू असेल तर उन्हाळा लागण्याआधी लेव्हल करून घ्यावी, मूत्रपिंडाची आणि थायरॉइडची तपासणी वर्षातून निदान दोनदा. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच. अचानक अळणी खाणं सुरू करू नये. निर्जळी एकादशी असो की रोजे, आधी डॉक्टरांना विचारावं. दुखलंखुपलं तर पॅरासिटामॉल चालते, बाकी गोळी आपल्या मनानं नको. जुलाब-उलट्या, हातांची मोठी थरथर, तोल जाणं, जीभ जड होणं, यांतलं काही दिसलं तर पन्ह्यावर थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासावं. बरं वाटतं म्हणून गोळी एकदम बंद करू नये, त्यानं आजार जोरात उलटतो. आणि गर्भधारणेच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल स्पष्ट बोलणं व्हायलाच हवं, कारण ते औषध बाळाला मोठी इजा करू शकतं. आपल्याकडे मुलीचा आजार लपवून लग्न लावतात आणि मग गोळ्या तरी लपवल्या जातात, नाहीतर बंद होतात. डॉक्टरांनाही हे कळतं ते तिला माहेरी आणून पोचवल्यावर.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवलं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो. पोलिसांच्या भीतीनं त्याला दवाखान्यात न्यायला उशीर करण्याचं कारण उरलेलं नाही.

२०१७ मध्ये ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा मी तो मामीला दाखवला. नैराश्यातल्या मुलाला समुद्राकाठच्या घरात ठेवून घेणारी बाई त्यात त्याला फार प्रश्न विचारत नाही, नुसती आसपास राहते. सिनेमा संपल्यावर मामी एवढंच म्हणाली, "हिला निदान समुद्र तरी होता. आमच्या घरात तर अंगणच."

मामा आता सत्तरीला आले आहेत. त्या उन्हाळ्यानंतर डॉक्टरांनी लिथियमचा डोस कमी करून पुन्हा बसवला, बीपीची गोळी बदलली. मामीनं आपली स्वतःची व्यवस्था केली. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कालनिर्णय असतं. दूधवाल्याच्या खाड्यांच्या, गॅस सिलिंडरच्या तारखा ती पहिल्यापासून त्यावर लिहीत आली आहे. आता त्याच चौकटींत मामांची झोप असते, रात्रीचे तास, पेन्सिलीनं. सलग तीन दिवस पाचाच्या खाली आकडा गेला की ती डॉक्टरांना फोन करते, मामा कितीही आनंदात असले तरी. खरं म्हणजे ते फार आनंदात असतील तर आधी करते. मागच्या फोनला मामा चिडले होते. "मी छान आहो, अन् तू कायले डॉक्टरले सांगून राहिली?" ती म्हणाली, "म्हणूनच सांगून राहिली."

दिवाळीत फराळाचं करायला मी गेले तेव्हा वर्षाची पानं मागे उलटून पाहिली. मार्चमध्ये एक लाल गोल, ०.७. मेमध्ये, नवतपा लागायच्या चार दिवस आधी, दुसरा लाल गोल, ०.८, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘गुडघा दुखतो म्हणत आहेत, लक्ष ठेवणे.’